जो बोलला, त्याने जाजम गुंडाळायचं

तात्या गेल्याची बातमी मला माणसाकडून नाही, पोस्टरवरून कळली. सकाळी गंगेपलीकडे, काशीसमोरच्या रामनगरात, घरी गॅसवर चहा ठेवला होता आणि मोबाइलवर आमच्या जुन्या मोहल्ल्याच्या ग्रुपात एक चित्र येऊन पडलं. फुलांची चौकट, खाली दोन दिवे, वर ठळक अक्षरांत श्रद्धांजली. पाऊण चित्र व्यापून आमच्या वॉर्डाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, हात जोडून उभे होते. उजव्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढं एक वर्तुळ आणि त्यात तात्या. श्रद्धांजली नक्की कोण कुणाला वाहतंय हे कळायला मला दोनदा बघावं लागलं. तेवढ्यात काकूंचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, फोन आला. "कुंदे, तात्या गेले गं... ये." चहा उतू गेला होता. पोस्टर करणाऱ्याने काकूंच्या आधी नंबर लावला होता.

वर्तुळातला तो फोटो मी लगेच ओळखला. त्यात तात्या वाकलेले आहेत. मान खाली, पांढऱ्या केसांची शेंडी दिसते, चेहरा अर्धाच. त्र्यंबक आठल्ये या माणसाचा ताठ उभा असलेला एकही फोटो पक्षाकडे नसेल, असं नाही. पण त्यांना हाच हवा होता. का हवा होता ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे. आयुष्याच्या शेवटी तात्यांना दुखण्याचा त्रास होता तसा एक घोरही होता. दुखण्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. घोर एकच: आपलं नाव कुणाच्या तरी कामाला येतंय, आणि ते परत मागता येत नाही.

पुलावरून शेअर ऑटोने येताना शेजारचा माणूस मोबाइलवर तेच पोस्टर बघत होता. मी मुद्दाम विचारलं, "कौन थे?" तो म्हणाला, "पार्षदजी के गुरु थे कोई. बड़े संस्कारी आदमी थे, सुनते हैं."  मी गंगेकडे बघत बसले. हे ऐकायला तात्या नव्हते, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

आता मी कोण, हेही सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. माझे बाबा काशीतल्या एका मराठी धर्मशाळेत आचारी होते. महाराष्ट्रातून यात्रेकरू यायचे, पंचगंगा घाटावर स्नान करून यायचे, आणि बाबा त्यांना आमटी-भात वाढायचे. आई पोळ्या लाटायची. आमच्या घराण्यात दोन्हीकडून कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी बी.ए. झाले, मग बी.एड. झाले, सरकारी शाळेत आयुष्यभर शिकवलं. हे मी अभिमानानेच सांगते. शिकलेल्या घरातल्या लोकांना यात सांगण्यासारखं काय, असं वाटतं. वाटो. मराठी आमच्या घरातली, बाहेर सगळी हिंदी, त्यामुळे लिहिताना मधेच हिंदी आलं तर पुण्या-मुंबईच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं. आम्ही बोलतोच तसं.

तात्या मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत राहत. पाठशाळेत संस्कृत शिकवत आणि उरलेला सगळा वेळ पक्षाचं काम करत. पक्षाचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि इतरांना त्यांच्या गावातला एखादा पक्ष आठवेलच. त्या काळात या पक्षाला शहरात फारसं कुणी विचारत नसे; तात्या वॉर्डातून पार्षद म्हणून निवडून आले होते ते स्वतःच्या नावावर. धर्मशाळेच्या पुढच्या दालनात दर पंधरवड्याला त्यांची बैठक व्हायची आणि पाणी द्यायला मी जायचे. एकदा पाणी देता देता मी तिथेच उभी राहून भाषण ऐकू लागले. बैठक संपल्यावर तात्या सरळ स्वयंपाकघराच्या दारात आले आणि बाबांना म्हणाले, "हिला कॉलेजात घाला." बाबा कढईतला झारा न थांबवता म्हणाले, "तात्या, शिकून शेवटी पोळ्याच लाटायच्या ना?" तात्या म्हणाले, "लाटेल की. पण समोर पेपर ठेवून वाचत लाटेल. तुमच्या पोळ्यांना काय त्रास आहे?"

बाबांना वाटलं, तात्या एवढे पार्षद, एक चिठ्ठी देतील आणि पोरीचं काम होईल. तात्या म्हणाले, चिठ्ठी देणार नाही. प्रवेशाच्या दिवशी मात्र ते स्वतः आले आणि रांगेत माझ्यामागे उभे राहिले. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. कॉलेजचा एक बाबू त्यांना ओळखून धावत आला, "अरे आठल्येजी, आप लाइन में? अंदर आइए." तात्या म्हणाले, "अंदर ही आ रहे हैं. जब नंबर आएगा." पुढचे-मागचे लोक हसले. मला तेव्हा राग आला होता. सावलीत बसून सरबत पिता आलं असतं! पण खिडकीशी पोचल्यावर त्या बाबूने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर चिठ्ठीवाल्या मुलीला मिळत नाही. हे मला पुढे नोकरीत कळलं.

जाजमाचं सांगते. निळं, जाड सुताचं, कडेला तांबड्या पट्ट्या असलेलं एक लांबरुंद जाजम होतं. हिंदीत दरी. पक्षाची मालमत्ता म्हणाल तर तेवढीच. बैठकीत खुर्च्या नसत. आलेला प्रत्येक जण जाजमावर बसे, बोलणारा उभा राही आणि बोलून झाल्यावर पुन्हा खाली बसे. आणि एक नियम तात्यांनी घातला होता: जो बोलला, त्याने शेवटी जाजम गुंडाळायचं. दोघे बोलले तर दोघांनी, एकेक टोक धरून. तात्या बोलले तर तात्यांनी. त्या नियमाला अपवाद नव्हता. एकदा लखनौहून पक्षाचे एक मोठे पुढारी आले होते. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. चांगलं भाषण केलं. सगळे उठले, आणि तात्या हात जोडून त्यांना म्हणाले, "अब समेटिए." पुढाऱ्यांना वाटलं, भाषण आवरा म्हणतायत. "समेट तो दिया, भाई!" तात्यांनी जाजमाकडे बोट केलं.  मग ते पुढारी खो खो हसले, धोतर सावरत खाली बसले आणि गुडघे कटाकटा वाजवत त्यांनी ते जाजम गुंडाळलं. जाताना म्हणाले, "आठल्ये, तुम किसी दिन मुझसे झाड़ू भी लगवाओगे." "अगली बार," तात्या म्हणाले.

मी एकदा विचारलं होतं, हा काय नियम? तर म्हणाले, "चार लोकांपुढे बोललं की माणूस जमिनीपासून वीतभर वर जातो, कुंदे. वाकलं की खाली येतो. दुसरं काही नाही." आपल्या उत्तरेत पक्षाच्या गरीब कार्यकर्त्याला टोमणा म्हणून 'दरी बिछानेवाला' म्हणतात. म्हणजे जन्मभर सतरंज्या घालत राहिला आणि खुर्ची दुसऱ्याला मिळाली, असा. कोपऱ्यावरचा छन्नू पानवाला तात्यांना रोज डिवचायचा. "का गुरु, ज़िंदगी भर दरिए बिछावत रह जाबा?" तात्यांचं उत्तर ठरलेलं. "बिछाना तो तुमको भी आता है, छन्नू. समेटना सीखो."

त्यांना देव करायला मी बसलेली नाही. तात्या जुन्या मताचे होते आणि ते मत त्यांच्या अंगात होतं, केवळ भाषणात नव्हतं. माझं लग्न ठरलं ते रामनगरच्या मुलाशी. घरी लाकडी खेळणी रंगवण्याचा धंदा, जात वेगळी, भाषा वेगळी. तात्यांना मी सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाले, "मला पटलेलं नाही. तुझ्या तोंडावर सांगतो, मागे बोलणार नाही." मी म्हटलं, "तुम्हीच शिकवलंत मला." "शिकवलं म्हणून पटलं पाहिजे असं नाही," ते म्हणाले. लग्नाला आले. मांडवात शेवटपर्यंत उभे राहिले, जेवले नाहीत, एक केळं खाल्लं आणि गेले. माझ्या सासऱ्यांना ते लागलं. मलाही लागलं. आजही त्या केळ्याबद्दल मी त्यांना माफ केलंय असं म्हणवत नाही. पण पुढे माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाचं दुकान पाडायला महापालिकेची माणसं आली, तेव्हा कागद घेऊन तीन कचेऱ्या फिरले ते तात्याच. तिथेही चिठ्ठी नाही, रांगेतच. आणि काम झाल्यावर सासऱ्यांनी पेढे पुढे केले तर, "आता सोडत नाही," म्हणून दोन खाल्ले. पेढ्याला हरकत नव्हती, असं दिसतं!

त्यांचं राजकारणही असंच होतं. जाजमावर बसून विरोधी पक्षाच्या माणसाच्या आईबापाचं नाव घ्यायचं नाही. एका तरण्या कार्यकर्त्याने एकदा घेतलं, तर तात्यांनी त्याला उठवून बाहेर पाठवलं, "गंगेवर जा, तोंड धू आणि ये." तो गेला आणि आलाही. निवडणूक हरले तर हार मान्य, जिंकले तर मिरवणूक नाही. जुनं राखायचं असेल तर आधी स्वतःला आवरता आलं पाहिजे, असं ते म्हणायचे. मी त्यांच्या पक्षाला कधी मत दिलं, कधी नाही. त्यांना ठाऊक होतं. त्यावरून आमची वाजायची, आणि काकू आतून ओरडायच्या, "भांडा, पण आवाज खाली! शेजारी पूजा चाललीय."

मग पक्षाचे दिवस आले. हे कधी झालं ते नेमकं सांगता येणार नाही. आधी बैठकीला मागे चार खुर्च्या आल्या, म्हाताऱ्यांसाठी. मग पुढे दोन आल्या, पाहुण्यांसाठी. मग स्टेज, स्टेजवर सोफा, सोफ्यामागे पडदा आणि पडद्यावर एकच चेहरा. पेढ्याच्या दुकानावरची एका खोलीची कचेरी गेली आणि बाहेरच्या रस्त्यावर काचेची इमारत आली. जाजम ठेवायला तिथे जागा नव्हती. तात्यांनी ते रिक्षात घालून घरी आणलं. काकू म्हणाल्या, "पक्ष घरी आणलात का काय?" तात्या म्हणाले, "उरला तेवढा."

बाहेर मात्र एक शब्द नाही. मी चिडून म्हणायचे, तात्या, बोला की. तुम्ही नाही बोलायचं तर कोण बोलणार? ते म्हणायचे, घरातलं भांडण गल्लीत न्यायचं नाही. मी म्हणायचे, तुम्हाला घरात तरी घेतात का आता? यावर ते गप्प बसत. ते गप्प बसणं हळूहळू वाढत गेलं. सकाळी वर्तमानपत्र उघडायचे आणि पहिलं पान न वाचताच उलटायचे. पूर्वी पहिल्या पानावर वाद घालायला मी आले की त्यांना आनंद व्हायचा. नंतर नंतर मीही वाद काढेनाशी झाले. थकलेल्या माणसाशी भांडून जिंकण्यात काही मजा नसते.

आणि मग आमच्या वॉर्डाचं तिकीट भैय्याजींना मिळालं. त्यांचं खरं नाव लिहीत नाही, पोस्टरांवर पुरेसं आहे. हे गृहस्थ आधी दुसऱ्या पक्षात होते, त्याआधी तिसऱ्या. धंदा जुनी घरं घेण्याचा. घर घ्यायचं, आतल्या भाडेकऱ्यांचं पाणी तुटायचं, जिन्यात रात्रंदिवस विटा पडायच्या, आणि भाडेकरू आपण होऊन निघून जायचे. तात्यांनी पार्षद असताना याच माणसाविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी केल्या होत्या. तोच माणूस आता त्यांच्या पक्षाचा उमेदवार. मंगला गौरी, पंचगंगा, शिंदे घाटापर्यंतच्या गल्ल्यांतली जुनी घरं, त्यातही मराठी घरं, तात्या काय म्हणतात तिकडे बघत होती. त्यामुळे पक्षाला तात्या हवे होते. काचेच्या इमारतीतून दोन मुलं आली, पाया पडली, म्हणाली, "चाचाजी, बस मंच पर बैठ जाइए. बोलना भी नहीं है."

मी त्यांना म्हटलं, जाऊ नका. पाय मुरगळला म्हणून सांगा. ते म्हणाले, "खोटं बोलू? आणि या वयात?" मग म्हणाले, पक्षाने बोलावलं की जायचं, हे मी तरुण पोरांना आयुष्यभर सांगत आलो. त्यांनी पक्षाला एक अट घातली होती. सभा मोठ्या मैदानात नाही, आपल्या देवळाच्या चौकात. आणि स्टेज नाही, जाजम. पक्षाने ती मान्य केली होती. हे सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. पुष्कळ दिवसांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. जवळ सरकून हळू म्हणाले, "मी बोलणार नाही. तो बोलेल. बोलून झाल्यावर मी सगळ्यांसमोर सांगणार, समेटिए. तो वाकणार नाही, कुंदे. तसली माणसं वाकत नाहीत. गाडीतून उतरताना दार दुसऱ्याने उघडावं लागतं त्याला! नाही म्हणेल, नाहीतर नोकराला हाक मारेल. लोकांना जे बघायचं ते दिसेल. मला एक शब्द बोलावा लागणार नाही, आणि शिस्तही मोडणार नाही." मलाही ते पटलं. इतकं पटलं की मी हसले. काकू दाराशी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

सभेच्या दिवशी चौक भरला होता. जाजम आम्हीच झटकून घातलं होतं. भैय्याजी आले, चपला काढून जाजमावर मांडी घालून बसले. मग उठून बोलले. चांगलं बोलले, ते मला कबूल करायला हवं. टाळ्या झाल्या. लोक उठायला लागले तसे तात्या पुढे झाले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हमारे यहाँ नियम है. जो बोला, वो दरी समेटेगा."

उठलेले लोक थांबून बघायला लागले.  भैय्याजींनी पापणीसुद्धा हलवली नाही. "ये तो मेरा सौभाग्य है, चाचाजी!" म्हणाले, बाह्या वर केल्या आणि सरळ खाली वाकले. कमरेतून वाकले. एक टोक उचललं, मान वर करून गोड हसले, "उधर से आप पकड़िए न." आणि तात्यांचा हात... काय सांगू. जन्मभराची सवय. समोरच्याने एक टोक उचललं की दुसरं आपण धरायचं. ते वाकले. त्यांनी टोक धरलं. आजूबाजूला एकदम सगळे मोबाइल वर झाले.

संध्याकाळच्या आत तो फोटो शहरभर होता. दोन वाकलेली माणसं, मध्ये निळं जाजम, वर लिहिलेलं 'संस्कार'. पुढे त्याचेच फलक लागले, पंचगंगेच्या उतरणीवर लागले, शिंदे घाटाच्या वळणावर लागले, रामनगरच्या पुलाच्या तोंडाशीही एक लागला. आमच्या गल्लीतल्या एक वयस्क बाई, ज्यांच्या जिन्यात कधी काळी याच माणसाच्या विटा पडल्या होत्या, मला म्हणाल्या, "तात्यांनी हात लावला म्हणजे सुधारला असेल गं." भैय्याजी निवडून आले. पेढ्यांचा पुडा तात्यांच्या घरी आला. काकूंनी तो दारातूनच गाईला घातला.

मत कुणाला दिलंत, असं मी तात्यांना विचारलं. "मतदान गुप्त असतं," ते म्हणाले. नेहमीचंच वाक्य. पण नेहमीसारखं हसले नाहीत.

त्यानंतर तात्या फारसे बाहेर पडले नाहीत. छन्नूच्या टपरीवरून जाताना छन्नूही काही बोलेनासा झाला, आणि तेच जास्त वाईट होतं. पक्ष सोडा, मी म्हटलं. एक निवेदन काढू, मी लिहून देते, बी.ए. कशाला झाले? ते म्हणाले, "निवेदन काढलं की तेही कुणाच्या तरी कामाला येईल. समोरचे लोक त्याचा फलक करतील." मग त्यांची नजर जाजमाच्या गुंडाळीकडे गेली. ते पुढच्या खोलीत भिंतीशी उभं केलेलं असे. म्हणाले, "मला वाटलं, तो वाकणार नाही. सगळं त्यावरच रचलं होतं. वाकायला काहीच मोल पडत नाही हे मला कळलं नाही... वाकून माणूस खाली येतो, असं मी इतकी वर्षं सांगत राहिलो. तो वाकून वर गेला."

मी शेवटची भेटले तेव्हा त्यांनी काकूंना सांगून जाजम खोलीत पसरून घेतलं होतं आणि त्यावर उशाला लोड घेऊन पडले होते. गादी टोचते म्हणे. दुपारची वेळ, घाटाकडून घंटा ऐकू येत होत्या. मी पायाशी बसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं, माझ्या सुनेला नोकरी लागली ते ऐकून खूश झाले. "तीही रांगेत उभी राहिली ना?" विचारलं. मग डोळे मिटून म्हणाले, "मी गेलो की तो येईल. फोटोवाला घेऊन येईल. बोलेल, आणि मग..." त्यांचा हात जाजमाच्या कडेवर होता. वाक्य तिथेच राहिलं.  स्वयंपाकघरात काकूंच्या भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला होता, एवढं मला आठवतं.

आणि तो आला. तेरावं होऊन गेल्यावर, पाच-सहा जण बरोबर घेऊन. पुढच्या खोलीत जाजम पसरलेलं होतं, तात्या गेल्यापासून तसंच. येणारे-जाणारे त्यावरच बसत. मी होते, तात्यांचा नागपूरहून आलेला मुलगा होता, मोहल्ल्यातली चार माणसं होती. भैय्याजी चपला काढून आत आले, तसबिरीला हार घातला, मांडी घालून बसले आणि बोलले. चाचाजी माझे मार्गदर्शक होते, म्हणाले. चाचाजींनी मला वाकायला शिकवलं, म्हणाले. आवाजही दाटून आला. खोटा होता असं मी म्हणणार नाही. मला कळत नाही आता, कुठला खरा आणि कुठला खोटा. मग ते उठले. त्यांच्यातला एक मुलगा आपोआप दाराच्या कोपऱ्यात सरकला आणि त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. भैय्याजींनी बाह्या वर केल्या. "आप लोग ज़रा उठिए. चाचाजी की परंपरा है. जो बोला, वो समेटेगा."

माणसं उठायला लागली. तात्यांचा मुलगाही उठला, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मी उठले नाही, पण मला शब्दही सापडेना. मी, जिला आयुष्यभर बोलता येतं म्हणून सगळे ओळखतात.

तेवढ्यात काकू आतून आल्या. काकू चार परक्या माणसांत बोललेल्या मी कधी ऐकलेल्या नाहीत. बैठका झाल्या, पुढारी आले-गेले, काकू पडद्याआड. त्या आल्या, लुगड्याचा पदर सावरला, चालत जाजमाच्या बरोब्बर मधे गेल्या आणि खाली बसल्या.

"माताजी, आप..." भैय्याजी अर्धे वाकलेले होते.

"रहने दीजिए," काकू म्हणाल्या.

"माताजी, परंपरा है न चाचाजी की."

"परंपरा उनकी थी," काकू म्हणाल्या. "दरी घर की है."

 भैय्याजी तसेच थांबले, हातात जाजमाचं टोक. ओढता येईना, कारण मधे ऐंशीच्या घरातली बाई बसली होती. सोडता येईना, कारण कॅमेरा होता. मग त्यांनी टोक हळूच खाली ठेवलं आणि काकूंच्या पाया पडायला पुढे झाले. काकूंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "सूतक है," म्हणाल्या. सुतक केव्हाच फिटलं होतं. कोपऱ्यातल्या मुलाने कॅमेरा खाली केला. खोलीतून सगळे गेले तेव्हा जिन्यात कुणीतरी हसल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी त्याला गप्प केल्याचा.

मी काकूंना म्हटलं, "काकू, तुम्ही तर..." त्या म्हणाल्या, "मी काही नाही केलं. मी बसले." मग थोड्या वेळाने, "त्या दिवशी चौकातच बसायला हवं होतं. तुम्ही दोघं हसत होता, मला तेव्हाच कळलं होतं, हा वाकणार. ज्याला काही हवं असतं तो वाकतोच. तात्यांना कधी काही नको होतं ना, त्यांना कुठून कळणार."

याने काही बदललं असं नाही. पुलाच्या तोंडाशी तो फलक अजून आहे, उन्हाने निळा रंग उडून जाजम राखाडी दिसतं. ऑटोतला माणूस तात्यांना अजून पार्षदांचे गुरूच म्हणत असेल. पक्ष आहे तिथे आहे, आणि मी आहे तिथे. वर्तमानपत्राचं पहिलं पान हल्ली मीही उलटते. फक्त एक फोटो निघायचा राहिला. तो मात्र राहिलाच.

मी दर रविवारी मंगला गौरीला जाते. काकू जाजमाच्या मधोमध बसून वाती वळत असतात. मी बोलत राहते; सुनेचं, शाळेचं, भाव वाढल्याचं. गेल्या रविवारी खूपच बोलले. निघायला उठले आणि हात आपोआप खाली टोकाकडे गेला. मग लाजून मागे घेतला. काकू म्हणाल्या, "तू गुंडाळलंस तर चालेल. तुझ्यामागे फोटोवाला नाही." त्यांनी वातींचं तबक बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देत उठल्या, आणि पलीकडचं टोक धरलं. आम्ही दोघी वाकून गुंडाळत आलो. मध्यावर, जिथे तात्या लोड घेऊन पडायचे, तिथे आलो आणि काकूंचे हात थांबले. मीही थांबले. खालची फरशी उघडी पडली होती आणि खोली एकदम मोठी दिसायला लागली होती.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या.

आम्ही ते परत उलगडलं. काकूंनी कडा हाताने सारख्या केल्या, मधे जाऊन बसल्या आणि तबक पुढे ओढलं.